मी फक्त आमीन म्हणत होते

लातूर,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामू,

सलाम.

पत्र मराठीत आहे म्हणून रागावू नका. अम्मीला उर्दूच वाचता येतं, म्हणून मुद्दाम मराठीत लिहितेय. तिनं विचारलं तर सांगा, पोरीची तब्येत बरी आहे, जेवण बरं आहे, खोलीला खिडकी आहे. यातलं काही खोटं नाही. फोन करून उपयोग नव्हता. तुम्हाला ऐकू येत नाही, फोन तुमच्या अजहरच्या हातात जातो, आणि अजहरला सांगितलं म्हणजे अख्ख्या नांदेडला सांगितलं. तुमचे दोस्त रामकिशनकाका नांदेड-लातूर बस चालवतात हे माझं नशीब. घरच्या रिकाम्या डब्याच्या पिशवीत पत्र टाकतेय, उत्तर त्याच पिशवीतून पाठवा.

मामू, मी घाबरलेय. फार.

आमचं हॉस्पिटल ज्या इमारतीत आहे तिथं आधी नीटच्या पोरांचं होस्टेल होतं. भिंतीवर अजून कुठल्याशा पोरानं लिहिलेलं आहे, 'परीक्षेला १८० दिवस बाकी'. त्याच खोल्यांत आता परदेशातली म्हातारी माणसं राहणार. आमच्या परदेशी विभागाचे आनंदराज सर रोज सकाळी आम्हाला उभं करून सांगतात, "बघा, सगळं जग म्हातारं होऊन राहिलंय. तिकडं गुडघा बदलायचा म्हणलं की दीड वर्ष नंबर लागत न्हाई. गुडघा थांबतो का दीड वर्ष? पुण्या-मुंबईवाल्यांनी लई खाल्लं. आता लातूरनं बी ताट मांडायचं." आणि मग माझ्याकडं बोट करतात, "आणि आपल्याकडं अरबी जाणणारी हाय!"

मला अरबी येत नाही, मामू. तुम्हाला ते माहीत आहे. मुलाखतीत सरांनी विचारलं, अरबी येतं का? मी म्हणाले, वाचता येतं. त्यांनी एक अरबी माहितीपत्रक पुढं केलं. मी उस्तानीबींनी शिकवलं तसं, सुरात, न अडखळता वाचून दाखवलं. सरांनी छातीला हात लावला. मी दोनदा कुराण खतम केलंय, पण अर्थ आम्हाला कुणी शिकवला नाही आणि आम्हीही विचारला नाही. मग सरांनी खात्रीसाठी घरी फोन केला, अजहरनं तुम्हाला ओरडून विचारलं, आणि तुम्ही ओरडून सांगितलंत, "हमारी बच्ची की अरबी एकदम पक्की है जी!"

तेव्हा मला हसू आलं होतं. वाटलं, नोकरी लागली की अम्मीचे गुडघे होतील. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांचं ऑपरेशन इथं फुकट होतं, तिचं नाव जानेवारीच्या यादीत आहे. आजवर आलेल्या पेशंटना इंग्रजी येत होतं, त्यामुळं निभावलं. पण गुरुवारी ओमानहून एक बाई येताहेत, वय चौऱ्याहत्तर, आणि त्यांना अरबीशिवाय काही येत नाही.

तुम्ही एकोणीस वर्षं मस्कतला गाडी चालवलीत. मला शब्द पाठवा. जितके आठवतील तितके.

तुमची,
कहकशां

*

नांदेड,
१२ नोव्हेंबर २०२५

बेटा कहकशां,

खुश रहो.

एवढं काय घाबरायचं! मी मस्कतला उतरलो तेव्हा मला तरी काय येत होतं? एजंटला सांगितलं होतं, अरबी फर्राटेदार आहे. पहिले सहा महिने मी एकच शब्द बोललो, 'झैन'. झैन म्हणजे ठीक, छान, हो, बरं, सगळं. शेठ काही म्हणाला की झैन. शेठाणी काही म्हणाली की झैन. हसरा चेहरा ठेवायचा आणि मान हलवायची. तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना उत्तर नको असतं, ऐकणारं कुणीतरी हवं असतं.

सोबत दोन पानं शब्द लिहून पाठवतोय. माय म्हणजे पाणी. वजा म्हणजे दुखणं. रुकबा म्हणजे गुडघा, हा नीट पाठ कर, तुझं सगळं काम त्याच्याशीच आहे. दवा म्हणजे दवाच. रोज वीस शब्द घे. म्हाताऱ्या बाईला 'उम्मी' म्हण, म्हणजे माझी आई. बाई विरघळेल.

तुझ्या अम्मीला, सालेहाला, तुझं खुशालीचं सांगितलं. ती आता गुडघ्याला हात लावून सगळ्या मोहल्ल्याला सांगत फिरते की जानेवारीत नवीन बसणार. फिरते म्हणजे काय, दारातल्या दारात. काल जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर बसून राहिली होती. मी पाहिलं, पण तिला कळू दिलं नाही.

मामूनं चहा पाजायला सांगितलंय असं रामकिशन खोटंच सांगेल. ऐकू नकोस.

तुझा मामू,
हनीफ

*

लातूर,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामू,

बाई आल्या. त्यांचं नाव झुवैना. निझवाकडच्या डोंगरातल्या एका गावच्या. ठेंगण्या, पाठीत पार वाकलेल्या, दोन्ही हातांवर मेंदीचे जुने डाग. मुलगा हिलाल सोबत होता. त्याला इंग्रजी येतं, त्यामुळं दोन दिवस मी मजेत होते. पण त्याला रजा नव्हती. तो मस्कतला परत गेला आणि ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी येणार आहे. जाताना मला म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून मला चिंता नाही." मी झैन म्हणाले.

तो गेला आणि आनंदराज सरांनी माझ्या हातात इतिहासाचा फॉर्म दिला. चाळीस प्रश्न. पूर्वीची ऑपरेशनं, कुठल्या औषधाचा त्रास, घराण्यातले आजार. मी तुमच्या शब्दांवर आणि हातवाऱ्यांवर बारा-तेरा प्रश्न ओढले. सर दारात उभे राहून घड्याळ बघत होते. बाकीच्या सगळ्यांपुढं मी 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली. माझी सही, मामू. 'दुभाषी' असं छापलंय त्याच्या वर.

तेव्हापासून तुमची दोन पानं दिवसरात्र पाठ करतेय.

बाईंचा माझ्यावर फार जीव बसलाय. पहिल्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून कुराणातलं यासीन पढले. त्या रडल्या आणि माझं कपाळ चुंबलं. त्यांना वाटतं, जी इतकं सुंदर पढते तिला सगळं कळतं. मी लग्नाच्या मेंद्या काढायची ते त्यांना खुणेनं सांगितलं, तर दोन्ही हात पुढं केले. नर्सनं मना केलं, बोटाला मशीन लावायचं असतं, हातावर मेंदी चालत नाही. फार हिरमुसल्या.

रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर त्या माझा हात धरून दुआ मागतात. लांबलचक. मला त्यातले थोडे शब्द कळतात, कारण ते पढण्यात आलेले आहेत. बहीण, शरीर, आग, मौत. बहुतेक कुणी बहीण वारलीय, तिच्या कबरीसाठी, जहन्नमच्या आगीपासून वाचण्यासाठी मागत असतील. म्हातारी माणसं, ऑपरेशन जवळ आलंय, मनात तेच येणार. त्या थांबल्या की मी आमीन म्हणते. त्या माझ्याकडं बघत राहतात आणि दुसऱ्या दिवशी परत तेच मागतात.

तुमची,
कहकशां

*

नांदेड,
२० नोव्हेंबर २०२५

बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

ती बाई रोज तेच सांगते, हे मला ठीक वाटत नाही. दुआ मागताना माणूस आकाशाकडं बघतो, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत नाही.

ती काय म्हणते ते जसंच्या तसं लिहून पाठव. कळो न कळो, कानाला पडेल तसं. हातांनी काय करते तेही लिही. आणि तोवर आमीन म्हणू नको.

बाकी इकडं ठीक.

मामू

*

लातूर,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामू,

तुमच्या पत्रानं झोप उडवली.

काल मी कागद घेऊन बसले. त्या म्हणतात ते असं: 'उख्ती' म्हणजे बहीण, ते मला माहीत आहे. मग 'मुस्तश्फा' असं काहीतरी. मग 'बंज', हा शब्द प्रत्येक वेळी दोन-तीनदा येतो. 'बंज' म्हणताना नाकातोंडावर हाताची वाटी धरतात. मग 'जिस्महा नार', म्हणजे शरीर आणि आग. मग 'मातत'. वारली. मग माझ्याकडं बोट करून आणखी काहीतरी म्हणतात, ते मला लिहिता आलं नाही.

आणि एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. हे सांगताना त्या दात घट्ट आवळतात आणि जबड्यावर बोटं आपटतात. मला वाटलं दाढ दुखतेय. परवा मी त्यांना खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडं नेलं आणि लवंगेचं तेल लावून आणलं. त्यांनी मुकाट लावून घेतलं. परत येताना लिफ्टमध्ये रडत होत्या.

आज भूल देणाऱ्या डॉक्टर ज्योत्स्ना मॅडम येऊन गेल्या. त्या इथल्या नाहीत, बोलावलं की येतात. त्यांनी पाठ तपासली आणि म्हणाल्या, मणके असे वाकलेत की कमरेत सुई जाणार नाही, पूर्ण भूल द्यावी लागेल. मग मला म्हणाल्या, "यांना विचार, घराण्यात कुणाला भुलीचा त्रास झालाय का?"

मी विचारलं. काय विचारलं ते अल्लालाच ठाऊक. 'दवा' म्हणाले, 'वजा' म्हणाले, झोपल्याची खूण केली. बाई एकदम उठून बसल्या, माझे दोन्ही हात धरले आणि तेच सगळं परत सांगितलं, बंज, नार, मातत, भराभरा. मॅडम माझ्याकडं बघत होत्या. आनंदराज सर मागं उभे होते.

मी म्हणाले, "नाही म्हणतात."

ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला आहे. हिलाल बुधवारी रात्री पोचेल. मंगळवारपासून माझी ड्यूटी आतल्या वॉर्डात आहे, फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, गुरुवार दुपारपर्यंत मिळणार नाही. मामू, 'बंज' म्हणजे काय? लवकर लिहा.

कहकशां

*

नांदेड,
२६ नोव्हेंबर २०२५, पहाटे फजरच्या नमाजनंतर

कहकशां,

रामकिशनला सोमवारी देगलूरच्या गाडीवर पाठवलं होतं. पिशवी काल संध्याकाळी पोचली. अजहरकडून तुझा फोन लावला, बंद. हॉस्पिटलचा लावला, त्यांनी आनंदराजला जोडला, आणि तो म्हणाला, कहकशां मॅडम कामात आहेत, निरोप सांगा. अजहरनं माझ्याकडं बघितलं. मी मानेनंच नको म्हणालो. त्या माणसाच्या हातात हा निरोप द्यायची मला हिंमत झाली नाही.

बंज म्हणजे भूल. मुस्तश्फा म्हणजे दवाखाना.

ती दुआ मागत नाही, बेटा. ती सांगतेय, माझ्या बहिणीला दवाखान्यात भूल दिली, जबडा आवळला, शरीराची आग झाली आणि ती मेली. मला करू नका, नाहीतर विचार करून करा, असं काहीतरी ती तुला रोज सांगतेय. तू आमीन म्हणतेयस.

आत्ता जा. पत्र खाली ठेव आणि जा. डॉक्टरीणबाईंना सांग. नोकरी गेली तर जाऊ दे. सालेहाच्या गुडघ्यांचा विचार करशील तर मी तुझं तोंड बघणार नाही.

मी हे तुला का सांगू शकतो तेही ऐक. पहिल्या वर्षी शेठच्या म्हाताऱ्या बापाला मी मस्कतहून शेतावर नेत होतो. मागच्या सीटवरून तो माझ्या खांद्यावर थापट्या मारत होता आणि काहीतरी म्हणत होता. मी आरशात बघून हसलो आणि झैन झैन म्हणालो. तो परत म्हणाला. मी परत झैन म्हणालो. चाळीस किलोमीटर. शेतावर पोचलो तेव्हा तो गेलेला होता. सगळे म्हणाले, वेळ भरली होती. मला कुणी काही विचारलं नाही. मी त्या घरात पुढं अठरा वर्षं राहिलो, अरबी शिकलो, आणि एक दिवस कळलं की तो काय म्हणत होता. तो म्हणत होता, गाडी दवाखान्याकडं घे.

हे मी सालेहालाही सांगितलेलं नाही. एकतीस वर्षं झाली.

मी तुला दोन पानं शब्द दिले, आणि जो पहिला द्यायला हवा होता तोच दिला नाही. मला तो तिथं कधी म्हणायचा धीर झाला नाही म्हणून. लिहून घे. 'मा फहिम्त.' मला समजलं नाही.

रामकिशन साडेपाचची गाडी काढतोय. मी स्टँडवरच बसून लिहितोय. मीच आलो असतो, पण काल संध्याकाळी सालेहा जिन्यावरून घसरली. फार नाही लागलं, पण तिला उठवायला घरात दोघं लागतात.

मामू

*

लातूर,
२९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामू,

तुमचं पत्र मला बुधवारी दुपारी दोनला मिळालं. तुम्ही लिहिलं होतं, खाली ठेव आणि जा. मी गेले नाही.

तुमच्यापासून लपवणार नाही. मी बाथरूममध्ये कडी लावून बसले. पाच वाजेपर्यंत बसले. अम्मी तिसऱ्या पायरीवर बसलेली दिसत होती. आनंदराज सर दिसत होते. मी स्वतःला सांगत होते, हिलाल येईलच रात्री, तो सांगेल त्यांना, त्याला माहीत असेल. मग बाहेर कुणीतरी ट्रॉली नेली, तिचा आवाज ऐकला आणि वाटलं बाईंनाच नेताहेत. तेव्हा उठले.

ज्योत्स्ना मॅडमना जिन्यात गाठलं. "मॅडम, मला अरबी येत नाही," म्हणाले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. मग मी सगळं सांगितलं. जबडा म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "जबडा आवळला? अंग तापलं? अगं, हा घराण्यात उतरणारा प्रकार असतो. नेहमीची भूल दिली तर ही बाई टेबलावर जाईल माझ्या." दुसरी औषधं वापरून भूल देता येते म्हणाल्या, पण त्याची तयारी इथं नाही. ऑपरेशन त्यांनी जागच्या जागी थांबवलं.

पुढचं माझ्या कल्पनेत नव्हतं. रात्री हिलाल आला. त्याला कळलं की दुभाषी खोटी होती. तो इतका भडकला की बाकी कुणाचं काही ऐकेना. मावशी चाळीस वर्षांपूर्वी तापानं गेली म्हणाला, तो तेव्हा पाच वर्षांचा होता. आईला तेव्हापासून दवाखान्याची भीती आहे, गोष्टी रचते म्हणाला. आणि त्यानं ठरवलं, हैदराबादच्या मोठ्या हॉस्पिटलात नेतो, तिथं दहा दिवसांत करून देतात.

आनंदराज सरांनी बाईंसोबत द्यायची फाइल बनवली. मी पाहिली. 'घराण्यात भुलीचा त्रास: नाही.' खाली माझी सही. मी म्हणाले, सर, हे बदला. ते दार लावून म्हणाले, "कहकशां मॅडम, हे बदललं तर लिहावं लागंल की आमच्याकडं दुभाषीच नव्हती. मग उद्या कोण येतंय लातूरला? लोक आपल्यावर आयुष्यभराचा भरवसा ठेवून येऊन राहिलेत." ज्योत्स्ना मॅडमनी केसपेपरवर सगळं लिहिलंय, पण तो कागद इथंच राहतो. पेशंटसोबत जातो तो टाइप केलेला सारांश. मॅडमनी हिलालला फोन केले, तो उचलत नाही. तो हैदराबादला कुठं नेतोय हेही कुणाला सांगत नाही.

म्हणजे माझं खोटं बाईंच्या आधी टेबलावर पोचणार, मामू.

मला कालपासून कामावरून काढलंय. पण निघण्याआधी सर म्हणाले, बाईंची गाडी चारला आहे, तोवर बाईंजवळ बसा, त्या फार रडताहेत, शांत करा. मेंदी-बिंदी काढून द्या, खूश होऊन जाऊ दे. जाता जाता दोन शब्द चांगले लिहितील आपल्याबद्दल.

मी कोन घेऊन गेले. आधी त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मा फहिम्त, या उम्मी." मला समजलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हनुवटीला धरलं आणि सगळं परत सांगितलं, हळू, एकेक शब्द, लहान पोराला सांगावं तसं. या वेळी मी आमीन म्हणाले नाही.

मग मी त्यांच्या उजव्या गुडघ्यावरचा कपडा वर केला. जो गुडघा बदलायचाय तो. मामू, फाइल कुणी वाचो न वाचो, गुडघा सगळे डॉक्टर बघणार. मी गुडघ्याच्या चार बोटं वर, कोऱ्या कातडीवर, मेंदीनं इंग्रजीत लिहिलं: 'बहीण भुलीनं मेली. जबडा आवळला, अंग पेटलं. फाइल चूक आहे. हिलाच विचारा.' भोवती वेलबुट्टी काढली, आणि त्या वेलीत एक फोन नंबर. माझा फोन हॉस्पिटलनंच दिलेला होता, तो त्यांनी परत घेतला, म्हणून तुमचा.

त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. काय लिहिलंय तेही त्यांनी विचारलं नाही. सुकेपर्यंत पाय धरून बसल्या आणि मग अबाया खाली ओढला. हिलालनं पाहिलं नाही.

पायावर मेंदी हातासारखी रंगत नाही. दहा दिवस राहील, फार तर. हैदराबादवाले दहा दिवसांत करतात म्हणाला. मी दिवस मोजतेय. फोन जवळ ठेवा. खोली रिकामी करायला सोमवारपर्यंत वेळ आहे. मग येते. पण अम्मीसमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?

कहकशां

*

नांदेड,
८ डिसेंबर २०२५

बेटा कहकशां,

तू सोमवारी येते म्हणालीस, आली नाहीस. मैत्रिणीकडं राहतेयस असं रामकिशन सांगतो. आठवडाभर तुला लिहिलं नाही, कारण हात मोकळा नव्हता. हातात फोन होता. मला ऐकू येत नाही म्हणून अजहरनं तो थरथरण्यावर लावून दिला. मी जेवताना तो डाव्या मुठीत धरला. नमाजला समोर ठेवला. झोपताना गालाखाली. रोज सकाळी पहिला विचार हाच की झोपेत थरथरला असेल आणि मला कळलं नसेल. चौथ्या दिवशी थरथरला, तर रिचार्ज संपल्याचं होतं. मी अजहरला शिव्या दिल्या, त्याचा काही दोष नसताना.

सातव्या दिवशी सालेहानं विचारलं, काय चाललंय? मी सांगितलं. तुझं सगळं, आणि माझं सगळं, तो म्हातारा, ती गाडी. दुपारी स्वयंपाकघरात तिनं अर्धा तास नुसतीच कढई घासली. मग येऊन माझ्याशेजारी बसली, आणि तेव्हापासून ऐकायचं काम तिनं घेतलं. जानेवारीचं यादीतलं नाव गेलं हे तिला माहीत आहे. त्यावर ती एवढंच म्हणाली, "मेरे घुटने तो मेरे पास हैं ना. पोरीला घरी बोलाव."

नववा दिवस गेला. आज दहावा. मला वाटलं, पुसली मेंदी.

सकाळी अकराला फोन थरथरला.

सालेहानं कानाला लावला. हैदराबादहून एक डॉक्टरीणबाई होत्या, हिंदीत बोलत होत्या. ऑपरेशन उद्या सकाळी आहे. तपासायला कपडा वर केला तर गुडघ्यावर मेंदीत काहीतरी अर्धंमुर्धं दिसतंय, 'बहीण' दिसतंय, 'फाइल चूक' दिसतंय, मधलं पुसलंय, आणि हा नंबर. हे कोणी लिहिलं? खरं आहे का? सालेहा मला ओरडून सांगत होती आणि मी तिला ओरडून उत्तर देत होतो. शेजारची सालेहाची मैत्रीण दारात येऊन उभी राहिली.

तू सगळं सांगितलंस तसं मी सांगितलं. जबडा, आग, ज्योत्स्ना मॅडमचं नाव, लातूरचा नंबर. मग त्या म्हणाल्या, तुम्हाला हे खात्रीनं माहीत आहे? बेटा, एकोणीस वर्षं माझ्या तोंडात जे उत्तर तयार असायचं तेच ओठांवर आलं. मी ते गिळलं. म्हणालो, नाही. मला अर्धंच समजलंय. तिच्या मुलालाही अर्धंच माहीत आहे. अरबी खरोखर येणारा माणूस आणा आणि तिलाच विचारा.

त्या म्हणाल्या, आमच्याकडं आहे एक मुलगी, बोलावते, तोवर पेशंटला फोन देते, त्या फार अस्वस्थ आहेत.

तिकडून झुवैनाबाई बोलायला लागल्या. सालेहाला एक अक्षर कळत नव्हतं. पण म्हातारी बाई, आवाज रडवेला, मध्ये अल्लाचं नाव. मी बघत होतो, सालेहाचे ओठ हलले. आमीन येत होतं. मी फोन तिच्या हातातून ओढून घेतला, आणि मला काही ऐकू येत नसताना, जेवढ्या मोठ्यानं ओरडता येतं तेवढ्या मोठ्यानं ओरडलो, "मा फहिम्त, या उम्मी! मा फहिम्त!"

मग फोन परत सालेहाच्या कानाला लावला. सालेहा म्हणते, पलीकडं कुणीतरी खुर्ची ओढली. मग दुसऱ्या एका मुलीचा आवाज आला, अरबीत, आणि म्हातारी पहिल्यापासून सांगायला लागली.

उद्या सकाळपर्यंत काही कळायचं नाही. फोन मुठीतच आहे. तू आज संध्याकाळच्या गाडीनं ये.

तुझा मामू,
हनीफ